प्रोसेसर जुन्या नोंदीवर विसंबतो तेव्हा

मोबाइलवर एखादा फोटो उघडला की त्यातला एकेक बाइट एकाच वेळी अनेक ठिकाणी असतो. स्टोरेजमध्ये एक प्रत, रॅममध्ये दुसरी, प्रोसेसरच्या पोटातल्या कॅशेत तिसरी. फोटोपुरते यात काही बिघडत नाही. पण ‘ही मेमरी कोणाच्या मालकीची’, ‘इथे कोणाला लिहिता येईल’ अशा नोंदींच्याही प्रती हार्डवेअर काढून ठेवते. मूळ नोंद बदलली आणि प्रत जुनीच राहिली, तर सुरक्षेचा सगळा डोलारा त्या जुन्या प्रतीवर उभा असतो. गेल्या वीस वर्षांतले काही गंभीर हल्ले नेमके या फटीतून झाले आहेत.

प्रती काढाव्याच का लागतात?

वेगासाठी. रॅममधून काही आणायचे तर प्रोसेसरची शेकडो चक्रे वाया जातात. सगळ्यात जवळच्या कॅशेतून तेच काम चार-पाच चक्रांत होते. त्यामुळे प्रतींशिवाय आजचा संगणक चालूच शकत नाही. प्रश्न आहे तो त्या जुळत्या ठेवण्याचा.

साध्या डेटापुरता हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे. एका कोअरने काही लिहिले की बाकीच्या कोअरच्या कॅशेतली तीच प्रत आपोआप बाद होते. इलिनॉय विद्यापीठात मार्क पापामार्कोस आणि जनक पटेल यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत आजही याच्या मुळाशी आहे. मात्र सगळ्याच प्रतींना हे संरक्षण मिळालेले नाही.

टीएलबी : पत्त्यांची छोटी वही

प्रोग्रॅम वापरतो ते पत्ते आभासी असतात. त्यांचे खरे पत्ते ऑपरेटिंग सिस्टिम ‘पेज टेबल’ नावाच्या तक्त्यात लिहून ठेवते आणि हा तक्ता असतो रॅममध्ये. ६४ बिटी प्रोसेसरवर त्यातून एक पत्ता काढायला सहसा चार पायऱ्या उतराव्या लागतात. दर वेळी हे परवडणारे नाही, म्हणून प्रोसेसर अलीकडेच लागलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. हाच टीएलबी. इंटेलने १९८५ मध्ये आणलेल्या ८०३८६ मध्ये अशा ३२ नोंदी मावत. आज हजारांहून जास्त मावतात.

या नोंदीत पत्त्याबरोबर परवानगीही असते, आणि प्रोसेसर तिची शहानिशा करायला पुन्हा मूळ तक्त्याकडे जात नाही. जमिनीचा फेरफार होऊन गेला आहे आणि व्यवहार मात्र जुन्या सातबाऱ्यावर उरकला, तर काय होते ते आपल्याकडे कोणाला वेगळे सांगायला नको.

एक्स८६ प्रोसेसरवर पारंपरिक पद्धतीने टीएलबी जुळवण्याची जबाबदारी हार्डवेअर घेत नाही. तक्ता बदलला की ऑपरेटिंग सिस्टिमने इतर कोअरना इंटरप्ट पाठवून ‘तुमच्याकडची नोंद खोडा’ असे कळवायचे असते. हे काम महागडे आहे. म्हणून कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिणारे ते शक्य तितके लांबवतात, चार नोंदी एकदम खोडतात. हेतू चांगलाच असतो, पण मूळ बदलणे आणि प्रत खोडणे यांच्यामध्ये एक क्षण मोकळा राहतो.

२०१८ : लिनक्समधला एक क्षण

गूगलच्या प्रोजेक्ट झीरोमधील यान हॉर्न यांनी हाच क्षण पकडला. मेमरीचा एक तुकडा एका आभासी पत्त्यावरून दुसऱ्यावर हलवण्यासाठी लिनक्समध्ये ‘एमरिमॅप’ ही सोय आहे. तिच्या कोडमध्ये तक्त्याचे कुलूप आधी उघडले जाई आणि टीएलबीतल्या जुन्या नोंदी त्यानंतर खोडल्या जात. उलटा क्रम, एवढीच चूक.

आता एकाच प्रोग्रॅमचे तीन धागे वेगवेगळ्या कोअरवर चालू आहेत असे समजा. पहिला मेमरी हलवतो आणि कुलूप उघडतो. त्या फटीत दुसरा त्या मेमरीमागची फाइल छाटतो. मेमरीचे ते पान मोकळे होऊन दुसऱ्याच कामाला दिले जाते. तिसऱ्या धाग्याच्या कोअरजवळ जुनी नोंद शाबूत आहे. तो बिनदिक्कत त्या पानावर वाचतो, लिहितो. तक्ता तपासला तर सगळे ठीक दिसते, कारण खोट तक्त्यात नसून प्रतीत आहे. हॉर्न यांनी ही फट पिक्सेल २ या फोनवर प्रत्यक्ष वापरून दाखवली. दुरुस्ती काय होती? आधी नोंदी खोडा, मग कुलूप उघडा.

एकाच पत्त्यावर दोन पाने

काही हल्लेखोर प्रती जुळवण्यात चूक होईपर्यंत थांबत नाहीत. ते त्या मुद्दाम विजोड करतात. पेंटियम घराण्यात सूचनांसाठी एक आणि डेटासाठी दुसरा असे दोन टीएलबी होते. शेरी स्पार्क्स आणि जेमी बटलर यांनी २००५ च्या ब्लॅक हॅट परिषदेत ‘शॅडो वॉकर’ हे रूटकिट सादर केले. एकाच पत्त्यासाठी ते पहिल्यात स्वतःच्या कोडचे पान भरे आणि दुसऱ्यात निरुपद्रवी पान. अँटिव्हायरस मेमरी वाचायला गेला की त्याला स्वच्छ पान दिसे. त्याच पत्त्यावरच्या सूचना चालवताना मात्र प्रोसेसर रूटकिट चालवी. गंमत अशी की हीच युक्ती त्याआधी ‘पॅक्स’ या प्रकल्पाने संरक्षणासाठी वापरली होती. डेटाच्या पानावरून कोड चालवायला मनाई करणारा बिट त्या काळच्या सामान्य पीसी प्रोसेसरमध्ये नव्हता. पॅक्सने ती उणीव दोन टीएलबींच्या तफावतीतून भरून काढली.

पहारा दाराशी, घुसखोर आत

मला सगळ्यात बोधप्रद वाटते ते २००९ चे प्रकरण. पीसीमध्ये ऑपरेटिंग सिस्टिमच्याही वरचढ असा एक ‘एसएमएम’ मोड असतो. त्याचे कोड रॅमच्या राखीव भागात ठेवतात आणि तिथे कोणाला लिहू द्यायचे नाही, हे मेमरी कंट्रोलर पाहतो. पण कंट्रोलर बसलेला असतो रॅमच्या दाराशी. कर्नलवर आधीच ताबा मिळवलेला हल्लेखोर प्रोसेसरला सांगू शकत होता की हा भागही कॅशेत ठेवावा. मग त्याने त्या पत्त्यावर लिहिलेले कॅशेतच राहायचे, रॅमपर्यंत जायचेच नाही, आणि कंट्रोलरला पत्ता लागायचा नाही. पुढे एसएमएम सुरू झाला की प्रोसेसर कॅशेतली बनावट प्रत चालवी. फ्रान्सचे लोइक दुफ्लो आणि पोलंडच्या इनव्हिजिबल थिंग्ज लॅबमधील रफाऊ वोयचुक व योआना रुत्कोव्स्का यांनी हे स्वतंत्रपणे शोधून काढले. त्यावर उपाय म्हणून इंटेलने खुद्द प्रोसेसरमध्येच पहारा देणारे खास रजिस्टर आणले.

तपासणी एका प्रतीची आणि वापर दुसऱ्या प्रतीचा, हा दोष इथे उघडा पडतो. प्रोग्रॅमरच्या हातून कुठे चूक झाली म्हणून हे घडले नाही. दोष आराखड्यातच होता.

फोरशॅडो

ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेला ‘फोरशॅडो’ याच जातीचा. इंटेलच्या ‘एसजीएक्स’ या सुरक्षित कप्प्यातली गुपिते रॅममध्ये गुप्तलिपीत असतात, पण कॅशेतली प्रत उघडी असते. तक्त्यातली नोंद ‘पान हजर नाही’ असे सांगत असतानाही प्रोसेसर अंदाजाने पुढे धावे आणि कॅशेतली ती उघडी प्रत वाचे. त्याच्या भावंडांचा धोका क्लाउडलाही होता, कारण तिथे एकाच प्रोसेसरवर अनेक ग्राहकांची कामे चालतात.

आपल्या हातात काय?

यातले बहुतेक दोष चिप न बदलता, कर्नलच्या, बायोसच्या किंवा मायक्रोकोडच्या अपडेटने झाकले गेले आहेत. काही उपायांनी यंत्र किंचित मंदावते, आणि तेवढी किंमत मोजणे मला रास्त वाटते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एक विनंती: कॅशे कशी भरते हे परीक्षेपुरते पाठ करता, तसे ती रिकामी कोण करतो आणि नेमकी कधी, हेही शिक्षकांना विचारा. आणि बाकी सगळ्यांसाठी: संगणकाचे बायोस अपडेट टाळू नका, आणि ज्या फोनला सुरक्षा अपडेट येणे बंद झाले आहे, त्यावर बँकेचे अॅप ठेवू नका.