पाचारण, धर्मसेवेचे

ईश्वराने आपणास विशिष्ट सेवेसाठी बोलाविले आहे, अशी व्यक्तीला होणारी आंतरिक जाणीव म्हणजे पाचारण. ख्रिस्ती परंपरेत ही संज्ञा मुख्यत्वे धर्मोपदेशकाच्या कार्यासंबंधी योजिली जाते. आधीचा व्यवसाय सोडून ह्या कार्याकडे वळणाऱ्यांची उदाहरणे आरंभापासून आढळतात. येशूच्या पहिल्या शिष्यांपैकी काही कोळी होते, तर मत्तय हा जकातदार होता. अशा पाचारणातून तीन प्रश्न उद्भवतात : ते खरे आहे हे कोणी ठरवावयाचे, सेवकाचा चरितार्थ कसा चालावयाचा आणि त्याच्या निर्णयाची झळ कुटुंबाने कितपत सोसावयाची.

क्वेकर पंथाने ह्या प्रश्नांना दिलेली उत्तरे इतर पंथांहून वेगळी आहेत. सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये ह्या पंथाची स्थापना करणारा जॉर्ज फॉक्स (१६२४–९१) तरुणपणी चांभारकाम शिकत होता. प्रत्येक माणसाच्या ठायी ईश्वरी प्रकाश असतो, ह्या श्रद्धेमुळे पंथाने पुरोहितवर्ग व दीक्षाविधी नाकारले. उपासक निःशब्द बसतात आणि ज्या स्त्रीला वा पुरुषाला आतून प्रेरणा होईल, ती व्यक्ती उठून बोलते; हेच त्यांचे उपदेशकार्य. ज्यांच्या ठिकाणी ही देणगी वारंवार प्रत्ययास येई, त्यांची उपदेशक म्हणून सभा नोंद करीत असे. ब्रिटनमध्ये ही प्रथा १९२४ मध्ये बंद झाली. अमेरिकेतील काही शाखांत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वेतनी पाळक नेमले जाऊ लागले. न्यू जर्सीतील जॉन वुलमन (१७२०–७२) ह्याने वाढता व्यापार उपदेशकार्याच्या आड येतो असे पाहून दुकानदारी आवरती घेतली आणि शिंपीकामावर निर्वाह करीत गुलामगिरीविरुद्ध प्रवास केला. पाचारण म्हणजे व्यवसायाचा त्याग नसून त्याला मर्यादा घालणे, असा अर्थ त्याच्या चरित्रातून निघतो. भारतात क्वेकरांचे कार्य १८६६ मध्ये आलेल्या रेचेल मेटकाफ ह्यांच्यापासून सुरू झाले व पुढे ते प्रामुख्याने होशंगाबाद परिसरात स्थिरावले.

महाराष्ट्रात हेच प्रश्न रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या चरित्रात तीव्रतेने प्रकटले. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. मातृनिधनानंतर ते नाशिकला आले व तेथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्याजवळ त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका (विवाहानंतर लक्ष्मीबाई) ह्यांच्याशी १८८० मध्ये त्यांचा विवाह झाला. शिक्षक, पुराणिक, कवी, संपादक असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. पण एका जागी ते फार काळ रमले नाहीत. नागपूर सोडून राजनांदगावला जात असता आगगाडीत एका यूरोपीय सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ दिला. त्याच्या वाचनातून व चिंतनातून त्यांचा निर्णय पक्का झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. लहान मुलासह त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. पुढे एकत्र आल्यावरही सोवळेओवळे त्यांनी क्रमाक्रमानेच सोडले आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या स्मृतिचित्रे ह्या आत्मचरित्रामुळे पाचारणाची घरातून दिसणारी बाजू मराठी वाचकांसमोर आली. लक्ष्मीबाईंचे निधन १९३६ मध्ये नाशिक येथे झाले.

टिळकांनी अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून त्यांनी ज्ञानोदयच्या मराठी विभागाचे संपादन केले. तथापि परकीय मिशनच्या वेतनावर राहून एतद्देशीयांना ख्रिस्ताकडे नेता येणार नाही, असे त्यांचे मत होत गेले. म्हणून १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा बंधुसंघ काढला. ख्रिस्ताचे शिष्यत्व पत्करणाऱ्या बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोघांनाही त्यात स्थान होते. संस्थेच्या अधिकारापेक्षा अंतःप्रेरणेला प्राधान्य देण्याच्या बाबतीत ह्या प्रयोगाचे क्वेकर विचाराशी साम्य दिसते. मात्र क्वेकरांप्रमाणे टिळकांनी बाप्तिस्माविधी नाकारला नाही. शिवाय त्यांच्या भक्तीचे वळण वारकरी संतांचे होते. अभंग व कीर्तन ही त्यांच्या उपदेशाची साधने होती आणि तुकारामाच्या द्वारे आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत.

दोन वर्षांतच टिळकांचे निधन झाल्याने दरबाराला स्थिर रूप आले नाही. पाचारणाची प्रचीती एका व्यक्तीला येत असली, तरी ते टिकविण्यासाठी समूहाचा आधार लागतो, हे त्यावरून दिसते. क्वेकरांच्या सभेने तो आधार निर्माण केला. टिळकांना तो नव्याने उभारावा लागला. त्यांनी १९०९ मध्ये आरंभिलेले ख्रिस्तायन हे काव्यही अपूर्णच राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.