हापूसच्या पानातले जड पाणी

रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरून समुद्राचे १० लिटर पाणी बादलीत भरून आणले, असे समजा. त्यात मीठ आहे, हे चवीवरून कळेल. पण सुमारे पावणेदोन ग्रॅम ‘जड पाणी’ होईल एवढा जड हायड्रोजनही त्यात असतो, हे जिभेला कळत नाही!

पाण्यातील हायड्रोजनच्या सुमारे ६,४०० अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो. त्याचे नाव ड्युटेरियम. अमेरिकेतील हॅरल्ड यूरी यांनी १९३१ मध्ये त्याचा शोध लावला. तारापूरच्या ३ व ४ क्रमांकांच्या अणुभट्ट्यांना जवळजवळ शुद्ध जड पाणी लागते. ते वेगळे करण्याचे काम एखादा सजीव करील काय?

थोडेसे तर तो करतोच. हापूसचे झाड पाहा. उन्हात पानांच्या छिद्रांतून वाफ बाहेर पडते. हलके रेणू आधी निसटतात, जड रेणू मागे रेंगाळतात. म्हणून पानातले पाणी मुळांनी शोषलेल्या पाण्याहून किंचित जड होते.

याहून वाकबगार आहेत काही जिवाणू व हिरवी शैवाले. हायड्रोजनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने ती हायड्रोजन वायू सोडतात. त्या वायूत ड्युटेरियमचे प्रमाण पाण्यातल्यापेक्षा पुष्कळच कमी, कधी पाव हिश्शाच्या आसपास असते. साहजिकच मागे उरलेले पाणी जड होत जाते.

मग शैवालांचा कारखाना काढावा का? गणित करू. वायूत पाव हिस्साच प्रमाण धरले, तरी उरलेल्या पाण्यातले ड्युटेरियमचे प्रमाण दुप्पट होण्यासाठी १० लिटरपैकी ६ लिटर पाणी फोडावे लागते. अशा पाच दुपटींनंतर उरते १०० मिलिलिटर, दहा दुपटींनंतर जेमतेम २० थेंब! आणि त्यांतही ड्युटेरियम सुमारे सातवा हिस्साच.

रायगड जिल्ह्यातील थळ येथे १९८७ मध्ये सुरू झालेल्या जड पाण्याच्या कारखान्यात वेगळी युक्ती योजली आहे. तेथे पाणी फोडावे लागत नाही. शेजारच्या खत कारखान्यातील हायड्रोजनयुक्त वायू द्रवरूप अमोनियाच्या सान्निध्यात आणला, की वायूतील ड्युटेरियम अमोनियात जाते. केवळ अणूंची अदलाबदल!

गंमत म्हणजे हायड्रोजनेजलाही अशी अदलाबदल साधते, तीही वायू आणि साध्या पाण्यात, नेहमीच्या तापमानाला. मात्र हे विकर नाजूक; हवेतील ऑक्सिजनने ते बहुधा निकामी होते. सजीवांकडून शिकण्याजोगे काही असेल तर ते येथेच आहे.

आता तुम्ही सांगा: एक किलोग्रॅम जड पाण्यासाठी अशा निदान किती बादल्या समुद्राचे पाणी लागेल?