जुने घड्याळ आणि आतली ओल

वाशिम जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही पाणबुड्यांसाठी बनवलेले घड्याळ आपल्याकडच्या मनगटांवर दिसते. कुणाचे मामूजान ते आखातातून आणतात, कुणाला निकाहात जावयाला द्यायचे असते, तर कुणी मोबाइलवर फोटो पाहून मोहात पडतो. नव्याची किंमत झेपत नाही, म्हणून जुने शोधले जाते. त्यात गैर काही नाही. नीट सांभाळलेले स्टीलचे घड्याळ बापाकडून मुलाकडे जाते. पण हा व्यवहार लाखांचा असतो, आणि घरात असा पैसा एका रात्रीत जमलेला नसतो. तेव्हा घेण्याआधी वस्तू समजून घ्यावी.

हे घड्याळ वेगळे कशामुळे?

ब्लांपँचे ‘फिफ्टी फॅदम्स’ आणि रोलेक्सचे ‘सबमरीनर’ ही या जातीची दोन नामवंत घड्याळे १९५३ सालची. जपानच्या सेइकोने आपले पहिले असे घड्याळ १९६५ मध्ये काढले. काचेभोवतीची कडी एकाच दिशेने फिरते. पाण्यात धक्का लागून ती सरकली, तरी गेलेला वेळ जास्तच दिसतो, कमी नाही. त्यामुळे माणूस हवा संपण्याआधी वर येतो. चावी स्क्रूसारखी फिरवून घट्ट बसवतात. अंधारातही वेळ कळावी म्हणून काटे चमकतात. आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असे घड्याळ किमान १०० मीटर खोलीचा दाब सोसणारे असावे लागते, आणि प्रत्येक नग लिहिलेल्या खोलीपेक्षा सव्वापट दाबावर तपासावा लागतो.

पण डायलवर छापलेला आकडा घड्याळ कारखान्यातून निघाले तेव्हाचा असतो. पाणी अडवतात ती आतली रबरी वॉशरे. चावीजवळ, काचेखाली, मागच्या झाकणात ती बसवलेली असतात. घाम, साबण, ऊन आणि वय यांनी रबर कडक होते, चिरते. वरून घड्याळ लखलखीत दिसते, आत मात्र ओल शिरून मशीन गंजू लागते. वीस वर्षे जुन्या घड्याळावर ३०० मीटर लिहिले असले, तरी तपासल्याशिवाय ते घालून वुजूही करू नये.

ओल कशी ओळखायची?

आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. बाजार समितीत सोयाबीन नेले, की व्यापारी नुसते वरचे दाणे पाहून भाव देत नाही. मशीनवर ओलावा मोजतो. घड्याळाचेही तसेच आहे. उंची घड्याळांचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून मागचे झाकण उघडून घ्यावे. स्क्रूवर गंज, डायलच्या कडेला डाग, काट्यांवर फोड दिसले, तर पाणी शिरून गेले आहे असे समजावे. झाकण लावताना नवे वॉशर बसवून दाबाची चाचणी करून घ्यावी. आणखी एक जुनी रीत आहे: घड्याळ किंचित कोमट करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा. काचेच्या आतून वाफ धरली, तर ओल आहे.

डायल फार नवी दिसली तरी शंका घ्यावी. मुंबईच्या जुन्या बाजारातून फिरणाऱ्या कित्येक घड्याळांची डायल पुन्हा रंगवलेली असते, तर काहींत एकाची केस आणि दुसऱ्याचे मशीन जोडलेले असते. जास्त पॉलिश केलेल्या केसच्या धारदार कडा गोल होतात. सेकंदकाटा सरळ सरकतो म्हणून घड्याळ अस्सल, हा समज खोटा आहे. नकली घड्याळातही ऑटोमॅटिक मशीन मिळते. केसवरचा क्रमांक वॉरंटी कार्डाशी जुळतो का, ते पाहावे. सर्व्हिसिंगचा खर्चही धरावा. पाच ते दहा वर्षांनी ती लागते आणि उंची घड्याळाला पाच आकडी रक्कम सहज लागते.

कागद आणि पैसा

घड्याळ परदेशातून आले असेल, तर खरेदीची आणि कस्टम्स भरल्याची पावती मागावी. १९६२ च्या कस्टम्स कायद्यातल्या कलम १२३ मध्ये सोन्याबरोबर घड्याळांचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. चोरटा माल असल्याच्या रास्त संशयावरून ते जप्त झाले, तर तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर येते. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारणे आयकर कायद्याला मान्य नाही. पैसे बँकेतून द्यावेत आणि क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. व्याजाच्या हप्त्यावर शौक करणे तर आपल्याला शोभतच नाही.

‘ही गुंतवणूक आहे’ असे विक्रेता सांगेल. २०२२ च्या सुरुवातीला चढलेले जुन्या घड्याळांचे भाव त्यानंतर खाली आले, हे लक्षात असू द्यावे. वापरायच्या घड्याळावर जकात नाही; पण नफ्याने विकायच्या हेतूनेच घेतले, तर तो व्यापारी माल ठरतो आणि त्याच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात येते. पुरुषांसाठी घेताना साधे स्टील निवडावे. दोनरंगी घड्याळांत बऱ्याचदा खरे सोने असते.

विकणाऱ्याची जबाबदारी

आपल्यापैकी कुणी उद्या विकणाराही असेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले. घड्याळाची डायल रंगवलेली असेल, मशीन बदललेले असेल, तर ते गिऱ्हाइकाने विचारण्याआधी सांगावे. किंमत थोडी कमी येईल, पण बरकत जाणार नाही.

घेणाऱ्यासाठीही फिक्हने वाट ठेवली आहे. ठरलेल्या मुदतीत सौदा मोडण्याची अट आधीच घालता येते; तिला खियारे-शर्त म्हणतात. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असू शकते. अट पावतीवर लिहून घ्यावी. अकोल्याला किंवा नागपूरला जाणकार कारागिराकडे नेऊन झाकण उघडायला तीन दिवस पुरतात. या अटीला जो विक्रेता तयार होत नाही, त्याचे घड्याळ कितीही चमकत असले तरी त्याच्याकडेच राहू द्यावे.