शाणचक्राचे वजन

बेंगळुरू शहरात दोन उद्योग शेजारीशेजारी वाढले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1940 साली तेथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. पुढे 1953 साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली, आणि 1962 साली यंत्र-अवजारांच्या संशोधनासाठी एक मध्यवर्ती संस्थाही उभी राहिली. विमान बांधणारा अनावश्यक वजनाचा वैरी असतो, हे कोणालाही पटेल. परंतु एका जागी खिळलेल्या यंत्रावर फिरून पोलाद घासणारे चाक हलके कशासाठी हवे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे.

या चाकाला शाणचक्र म्हणतात. कारखान्यातील कामगार त्याला ‘ग्राइंडिंग व्हील’ म्हणून ओळखतात. टणक कण आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक मिळून ते तयार होते. प्रत्येक कण पोलादाचा अतिसूक्ष्म कीस काढतो. पूर्वी यासाठी कुरुंद हा नैसर्गिक खनिज पदार्थ वापरीत. दक्षिण भारतातील हे नाव तमिळमधून इंग्रजीत जाऊन ‘कोरंडम’ झाले. 1891 साली अमेरिकेत अ‍ॅचेसन यांनी सिलिकॉन कार्बाइड तयार केले, तर 1957 साली वेंटॉर्फ यांनी हिऱ्याच्या खालोखाल टणक असे घनीय बोरॉन नायट्राइड बनविले. या नव्या कणांचा पुरेपूर उपयोग करून घ्यायचा, तर चक्र अधिक वेगाने फिरले पाहिजे. वजनाचा प्रश्न येथेच उभा राहतो.

गोफण फिरविताना दगड बाहेर निसटू पाहतो आणि दोरी त्याला आत ओढून धरते. वेग वाढला की दोरीवरील ताण वाढतो. दगड जड असला तरीही वाढतो. शाणचक्रात मात्र दगडही तेच आणि दोरीही तीच. त्याचा प्रत्येक भाग बाहेर धाव घेतो आणि शेजारचे भाग त्याला रोखून धरतात. चक्राला फाडू पाहणारी शक्ती अशा रीतीने त्याच्या स्वतःच्याच वजनातून निर्माण होते. हा ताण पदार्थाच्या घनतेच्या प्रमाणात आणि परिघाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

सर्वसाधारण चक्राच्या परिघाचा वेग सेकंदाला 30 ते 35 मीटर असतो. 400 मिलिमीटर व्यासाच्या चक्राला 35 मीटर वेगासाठी मिनिटाला सुमारे 1,670 फेरे करावे लागतात. हाच वेग चौपट, म्हणजे 140 मीटर केला, की ताण सोळापट होतो. भाजलेल्या मातीसारख्या ठिसूळ बंधकाचे साधे चक्र अशा वेगाला फुटेल, आणि त्याचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे उडतील.

म्हणून अतिवेगवान चक्राचा अभिकल्प निराळा असतो. किमती कणांचा थर केवळ परिघावर, काही मिलिमीटर जाडीचा ठेवतात आणि आतली तबकडी दुसऱ्या पदार्थाची करतात. 400 मिलिमीटर व्यासाची आणि 20 मिलिमीटर जाडीची भरीव तबकडी पोलादाची असेल, तर तिचे वजन सुमारे साडेएकोणीस किलो भरते. अ‍ॅल्युमिनियमची सात किलोहून थोडी कमी, आणि कार्बन धाग्यांनी बळकट केलेल्या प्लॅस्टिकची सुमारे चार किलो. चक्र हलके झाले की बेअरिंगवरील भार घटतो, ते लवकर गती घेते व लवकर थांबते, आणि ते यंत्रावर चढविणाऱ्या कामगाराचे श्रमही वाचतात.

तथापि, हलकेपणा म्हणजेच सुरक्षितता असे समजणे चुकीचे ठरेल. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ एकतृतीयांश वजनाचे असते; पण त्याचा ताठपणाही जवळजवळ एकतृतीयांशच असतो. परिणामी, सारख्याच वेगाने फिरणाऱ्या या दोन तबकड्या जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात, आणि परिघावर चिकटविलेल्या ठिसूळ थराला दोन्ही सारख्याच ताणतात. शिवाय उष्णतेने अ‍ॅल्युमिनियम अधिक प्रसरण पावते. कार्बन धाग्यांची तबकडी मात्र कमी फुगते, कारण वजनाच्या मानाने तिचा ताठपणा अधिक असतो. अर्थात धागा केवळ आपल्या लांबीच्या दिशेनेच बळकट असतो. म्हणून त्याचे थर निरनिराळ्या दिशांनी रचावे लागतात. बेंगळुरूत 4 जानेवारी 2001 रोजी प्रथम उडालेल्या ‘तेजस’ विमानाच्या पंखांसाठीही याच जातीचा पदार्थ वापरला आहे. पंख असो वा चक्र, प्रश्न एकच: पदार्थ किती बळकट, हे नव्हे, तर आपल्या वजनाच्या मानाने किती बळकट.

साधे चक्र सच्छिद्र करूनही हलके करता येते. मिश्रणात जळून जाणारे कण घालतात. भट्टीत ते नाहीसे होऊन पोकळ्या उरतात. या पोकळ्यांतून थंड द्रव पोहोचतो व कीस वाहून जातो. म्हणून उष्णतेने सहज बिघडणाऱ्या धातूंच्या कामात अशी चक्रे उपयुक्त ठरतात. परंतु येथे वजनाबरोबर बळही घटते. त्यामुळे ही चक्रे बेताच्याच वेगाने चालवावी लागतात.

निर्मितीची कृती वरकरणी साधी आहे. कण व बंधक मिसळून साच्यात दाबतात, वाळवितात आणि मातीच्या बंधकाचे चक्र सुमारे 1,200 ते 1,300 अंश सेल्सिअसला भाजतात. नंतर ते गोल व समतोल करतात. अतिवेगवान चक्र बंदिस्त कोठीत ठरलेल्या वेगाहून अधिक वेगाने फिरवून पाहतात. दीडपट वेग दिला तर ताण सव्वादोनपट होतो. सुरक्षिततेची मर्यादा अशी पारखून घेतली जाते. भाजलेले चक्र यंत्रावर बसविण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तडा गेला असे समजावे.

चक्रावर कमाल वेगाचा आकडा छापलेला असतो. चक्र हातात हलके लागले, म्हणून तो आकडा ओलांडण्याची मुभा कोणालाही मिळत नाही. कारण फिरणाऱ्या चक्राचे ओझे हाताला कळत नाही, ते त्या आकड्यावरूनच कळते.