आतड्यापासून रक्तापर्यंत

पोटात गेलेले द्रव्य आणि शरीराच्या कामी आलेले द्रव्य यांत पुष्कळदा मोठे अंतर असते. कांदा, सफरचंद, चहा इत्यादींत आढळणाऱ्या फ्लॅव्होनॉइड द्रव्यांच्या बाबतीत तर हे अंतर फारच ठळकपणे दिसून येते. गोळीच्या वेष्टनावर छापलेला आकडा गिळलेल्या मात्रेचा असतो. रक्तात उतरणाऱ्या मात्रेचा नव्हे.

कांद्यातील क्वेर्सेटिनचेच उदाहरण घ्यावे. १९९५ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांना असे आढळले की, कांद्यातील ग्लुकोजयुक्त क्वेर्सेटिनपैकी सुमारे ५२ टक्के शोषले जाते, शुद्ध क्वेर्सेटिनपैकी २४ टक्के, तर रुटिन या रूपातील अवघे १७ टक्के. दुधातील साखर फोडणारे लॅक्टेज हे विकर लहान आतड्याच्या अस्तरावर असते व तेच क्वेर्सेटिनला जोडलेले ग्लुकोजही सोडवते. रुटिनमधील शर्करा मात्र त्याला दाद देत नाही. तिची उकल पुढे मोठ्या आतड्यातील जीवाणूंनाच करावी लागते. शुद्ध क्वेर्सेटिनची अडचण निराळी. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. म्हणून स्निग्ध जेवणासोबत ते अधिक शोषले जाते. लेसिथिनशी संयोग घडविल्यास रक्तातील त्याची पातळी सुमारे २० पटींपर्यंत वाढल्याचे २०१९ मधील एका लहानशा चाचणीत दिसून आले.

परंतु शोषण झाले म्हणजे काम झाले असे नाही. आतड्याची भिंत व यकृत या परक्या रेणूंना ग्लुकुरॉनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून त्यांची बाहेर रवानगी करतात. मिऱ्यांतील पायपेरिन हे द्रव्य नेमक्या या क्रियेत अडथळा आणते. १९९८ मध्ये बंगलोर येथील संशोधकांनी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत २० मिलिग्रॅम पायपेरिन दिले, तेव्हा कर्क्युमिनची रक्तातील उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढली. (हळदीतील कर्क्युमिन हे फ्लॅव्होनॉइड नव्हे, पण त्याची विल्हेवाट शरीर याच मार्गाने लावते.) हा आकडा जाहिरातींत फार मिरवला जातो. एकट्या कर्क्युमिनची पातळी मुळातच नगण्य होती आणि त्याच अभ्यासात उंदरांमध्ये वाढ केवळ १५४ टक्के होती, याचा उल्लेख क्वचितच होतो.

शिवाय पायपेरिन निवड करीत नाही. शरीराची सफाई मंदावली की औषधांचीही पातळी चढते. फेनिटॉइन, प्रोप्रानोलॉल व थिओफिलिन यांच्या बाबतीत हे माणसांवरील प्रयोगांतून दिसले आहे. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनसोबत त्याचा हेतुपुरस्सर उपयोग करून मात्रा ४५० वरून २०० मिलिग्रॅमवर आणणारे औषध भारतात तयार झाले. तेथे मात्रा मोजून ठरविलेली असते. अपस्मारासाठी रोज फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णाचे तसे नाही. त्या औषधाची उपकारक व अपायकारक मात्रा एकमेकींच्या अगदी जवळ असतात, आणि ‘शोषणवर्धक’ गोळी तो बहुधा डॉक्टरांना न सांगताच सुरू करतो. मिऱ्यांत पायपेरिन साधारणतः ५ ते ९ टक्के असते. म्हणजे चाचणीतील २० मिलिग्रॅम अर्ध्या ग्रॅमहूनही कमी मिरपुडीत सामावतात.