चेक इंजिनचा दिवा लागला? आधी मोजा, मग पार्ट बदला



नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार तुम्हाला माहीतच आहे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावून घेतली. पाऊस किती पडला, जमिनीत पाणी किती आहे, हे आधी मोजायचं. मग पिकं ठरवायची. गॅरेज टाकणाऱ्याने हीच सवय उचलावी. कशी, ते ऑक्सिजन सेन्सरवरून बघू.

समजा, गिऱ्हाईक आलं. चेक इंजिनचा दिवा लागलाय, ॲव्हरेज पडलंय. तुम्ही स्कॅनर लावला, कोड ऑक्सिजन सेन्सरचा निघाला. लगेच नवा सेन्सर बसवला, बिल केलं. आठ दिवसांनी तीच गाडी, तोच दिवा! पैसे तर गेलेच, वर गिऱ्हाईक चार लोकांना सांगणार.

चूक कुठे झाली? कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे. हा सेन्सर एग्झॉस्टमध्ये बसून धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो आणि त्यावरून ईसीयू पेट्रोल कमी-जास्त करतो. म्हणून क्रमाने तपासा.

१. कोड लिहून घ्या. पी०१३५ असेल तर प्रश्न सेन्सरच्या हीटर सर्किटचा आहे. आधी फ्यूज बघा, मग कनेक्टर आणि वायर. उंदराने वायर कुरतडलेली असू शकते.

२. इंजिन गरम करून लाइव्ह डेटा बघा. कन्व्हर्टरच्या पुढचा साधा झिर्कोनिया सेन्सर साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत खाली-वर होतो. तो एकाच आकड्यावर अडकला तर संशय घ्या. मागच्या सेन्सरचा आकडा मात्र बराचसा स्थिरच असतो. एअर-फ्यूल सेन्सर असेल तर कंपनीचं मॅन्युअल बघा.

३. गळती शोधा. सेन्सरच्या आधी एग्झॉस्टला भेग असेल तर बाहेरची हवा आत शिरते. सेन्सर ‘ऑक्सिजन जास्त’ सांगतो, ईसीयू पेट्रोल वाढवतो. इथे सेन्सर बदलून काय होणार?

४. इतकं करून सेन्सरच खराब ठरला, तर बदला. आट्यांना लावायचं ग्रीस टोकाला लागू देऊ नका. कोड पुसा, गाडी फिरवा, पुन्हा स्कॅन करा.

आता धंद्याचं बोलू. तपासणीची फी वेगळी ठेवा, बोर्डावर लिहा, काम हातात घेण्याआधी सांगा. दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे आकडे गिऱ्हाइकाला दाखवा. दोष नुसत्या फ्यूजचा निघाला तरी तुमची मेहनत फुकट जात नाही आणि त्याचा सेन्सरचा खर्च वाचतो. असं गिऱ्हाईक दुसरं गॅरेज शोधत नाही.

हिवरे बाजारने ऊस, केळीसारख्या जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना नाही म्हटलं. तुम्हालाही समोर दिसणाऱ्या बिलाला कधीकधी नाही म्हणावं लागेल. आज एवढंच करा: तुमच्या तपासणीची फी ठरवा आणि वहीत लिहून ठेवा.