१२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर खरंच जीवसृष्टी सापडली का?

‘परग्रहावर जीवसृष्टी सापडली!’ ही पोस्ट तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. एप्रिल २०२५ मध्ये गाजलेली ही बातमी ‘के२-१८ बी’ या ग्रहाची होती. तिथे नेमकं काय सापडलं?

ग्रह कसा सापडला?
पृथ्वीच्या सुमारे साडेआठपट वस्तुमानाचा हा ग्रह एका लहान, लाल ताऱ्याभोवती ३३ दिवसांत फेरी मारतो. इतक्या लांबून तो थेट दिसत नाही. पण तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश किंचित मंदावतो. २०१५ मध्ये नासाच्या ‘केप्लर’ दुर्बिणीच्या निरीक्षणांत अशी घट दोनदा दिसली. पुढे ‘स्पिट्झर’ दुर्बिणीने पुन्हा पाहून खात्री केली.

तिथली हवा कशी कळते?
ग्रह समोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत येतो. प्रत्येक वायू ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. त्यामुळे कोणता प्रकाश कमी झाला, यावरून वायू ओळखता येतो. ‘जेम्स वेब’ दुर्बिणीमुळे २०२३ मध्ये इथे मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड आढळले.

२०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथाइल सल्फाइड किंवा तशाच एका वायूचे संकेत मिळाल्याचं सांगितलं. पृथ्वीवर हा वायू मुख्यतः समुद्रातले सूक्ष्मजीव तयार करतात. म्हणून एवढी चर्चा झाली.

मग अडलं कुठे?
- हा संकेत निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता ०.३ टक्के होती. ऐकायला कमी वाटते, पण शोधावर शिक्कामोर्तब करायला ती ०.००००६ टक्क्यांच्या खाली लागते. हे खुद्द त्या गटानेच सांगितलं होतं.
- इतर शास्त्रज्ञांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला, तेव्हा ठोस पुरावा मिळाला नाही.
- हाच वायू ‘६७पी’ या धूमकेतूवरही आढळला आहे. म्हणजे तो सजीवांशिवायही तयार होऊ शकतो.

थोडक्यात, सापडला तो एक संकेत, जीवसृष्टी नाही. ग्रहाचीही खात्री दुसऱ्या दुर्बिणीने पाहिल्यावरच झाली होती. तिथल्या जीवसृष्टीसाठी तर त्याहून भक्कम पुरावा लागेल. त्यामुळे अशी पोस्ट पुन्हा दिसली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढंच बघा: दुसऱ्या कुणी तपासून पाहिलंय का?